सोर पडलं का? यहेज्केलच्या भाकितातला गर्व आणि न्याय

'बायबलमधली भाकितं कशी अक्षरशः खरी ठरली' या विषयावर आपल्या मंडळ्यांमध्ये पुस्तिका फिरतात, हल्ली व्हिडिओही फिरतात. त्यात सोर नगराचं उदाहरण हमखास असतं. मांडणी साधारण अशी असते: सोर उद्ध्वस्त होईल, त्याचे दगड, लाकडं आणि माती पाण्यात टाकली जाईल, तिथे उघडा खडक उरेल, कोळी त्यावर जाळी पसरतील आणि ते नगर पुन्हा कधी बांधलं जाणार नाही, असं यहेज्केलने २६ व्या अध्यायात सांगितलं. पुढे अलेक्झांडरने नेमकं तेच केलं. सिद्ध झालं!

मग एखादा तरुण मोबाइलवर नकाशा उघडतो. लेबनॉनच्या दक्षिण किनाऱ्यावर त्याला 'सूर' नावाचं शहर दिसतं. घरं आहेत, बंदर आहे, बाजार आहे. हेच सोर. मराठी बायबलने मूळ हिब्रू नाव जवळजवळ तसंच ठेवलंय, अरबीतही तेच टिकलंय. इंग्रजीत मात्र ते 'टायर' झालं. आता तो तरुण विचारतो, "पुन्हा बांधलं जाणार नाही असं लिहिलंय ना? मग हे काय?"

प्रश्न अगदी रास्त आहे. यहेज्केलचे परराष्ट्रांविषयीचे संदेश (अध्याय २५ ते ३२) हा माझ्या अभ्यासाचा विषय असल्यामुळे आज त्यावर सविस्तर लिहितोय. माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. या भाकिताचं जे झालं, त्याची सगळ्यात प्रामाणिक नोंद खुद्द यहेज्केलच्याच पुस्तकात आहे. आणि गर्वाबद्दलचा सगळ्यात खोल धडाही त्याच नोंदीत आहे.

बोलणारा कोण, ऐकणारे कोण?

यहेज्केल हा याजक. इ.स.पू. ५९७ मध्ये बाबेलचा राजा नबुखद्नेस्सर याने यरुशलेम ताब्यात घेऊन राजा यहोयाखीन आणि कित्येक प्रतिष्ठित लोकांना बंदिवान करून नेलं, त्यांच्यात हाही होता. पुस्तकात आपल्याला तो खबार नदीकाठी, म्हणजे बाबेलमधल्या एका कालव्याजवळच्या वस्तीत भेटतो. ही हद्दपारी काही नुसती गोष्ट नव्हे. बाबेलच्या उत्खननात शिधावाटपाच्या मातीच्या पाट्या सापडल्या, त्यांत यहोयाखीन आणि त्याच्या मुलांना किती तेल दिलं याच्या नोंदी आहेत. त्याच पाट्यांमध्ये सोरच्या माणसांचाही उल्लेख येतो. म्हणजे यहूदाचे आणि सोरचे लोक एकाच राजाच्या कोठारातलं तेल खात होते.

पुस्तकाची रचनाही बघा. २४ व्या अध्यायात यरुशलेमचा वेढा सुरू होतो. नगर पडल्याची बातमी घेऊन माणूस येतो तो थेट ३३ व्या अध्यायात. मधल्या आठ अध्यायांत सात शेजाऱ्यांचे संदेश आहेत: अम्मोन, मवाब, अदोम, पलिष्टी, सोर, सीदोन आणि मिसर. इकडे वाचकाचा जीव टांगणीला लागलेला असतो आणि संदेष्टा मात्र शेजाऱ्यांबद्दल बोलत राहतो. या यादीत एक नाव नाही, बाबेलचं. ज्याने घर जाळलं त्याच्याबद्दल अवाक्षर नाही! 'आमच्या शत्रूचा नाश होवो' एवढंच या संदेशांचं सूत्र असतं, तर पहिलं नाव बाबेलचंच आलं असतं.

'अहा!' म्हणणारं नगर

सोर हे मुळात बेट होतं, किनाऱ्यापासून अर्धा-पाऊण किलोमीटर आत. हिब्रू नावाचा अर्थच 'खडक' असा आहे. बेटाला दोन बंदरं होती आणि समोरच्या किनाऱ्यावर नगराची दुसरी वस्ती होती. समुद्री शंखांपासून काढलेला महागडा जांभळा रंग, लबानोनचं गंधसरूचं लाकूड आणि भूमध्य समुद्रभर पसरलेल्या वसाहती (कार्थेज त्यांचीच) यांवर नगराची श्रीमंती उभी होती. यहूदाशी वैर असं नव्हतंच. शलमोनाच्या मंदिरासाठी गंधसरू पाठवणारा हिराम हा सोरचाच राजा.

मग न्याय कशाबद्दल? २६ व्या अध्यायाच्या सुरुवातीला आरोप एका उद्गाराचा आहे. यरुशलेम पडलेलं पाहून सोर 'अहा!' म्हणालं. का म्हणालं? तर यरुशलेममधून जाणारी वर्दळ आता आपल्याकडे वळेल, शेजाऱ्याच्या राखेतून आपली भरभराट होईल, असा हिशेब त्यामागे होता. सोरने यरुशलेमवर हल्ला केल्याचं इथे म्हटलेलं नाही. शेजाऱ्याचं घर पेटलं तेव्हा त्याने मनातल्या मनात जागेचा भाव काढला, इतकंच.

गर्वाची सुरुवात पुस्तकाने इथून धरली हे मला फार महत्त्वाचं वाटतं. आपण गर्व म्हटलं की छाती फुगवून बोलणारा माणूस डोळ्यांपुढे आणतो. इथला गर्व व्यवहारी आहे, शहाणा आहे. दुसऱ्याच्या पडण्याकडे तो संधी म्हणून बघतो, कारण आपणही पडू शकतो हे त्याच्या हिशेबातच नसतं.

सुंदर जहाज

२७ वा अध्याय म्हणजे शोकगीत आहे. त्यात सोर नगराला जहाज कल्पून ते फळीफळीने बांधलंय. फळ्या सनीरच्या लाकडाच्या, डोलकाठी लबानोनच्या गंधसरूची, वल्ही बाशानच्या ओकची, शीड मिसरच्या भरतकाम केलेल्या तागाचं. वल्हेकरी सीदोन आणि अर्वादचे. पुढे मालाची यादी येते: तार्शीशहून रुपं, लोखंड, कथील आणि शिसं, दूरदूरहून घोडे, हस्तिदंत, मसाले, रत्नं. प्राचीन व्यापाराच्या अभ्यासकांना ही यादी खजिन्यासारखी वाटते.

यादीतल्या दोन नोंदींवर मात्र थांबायला हवं. एक, मालात माणसंही आहेत. यावान, तुबाल आणि मेशेख गुलाम पुरवत होते. दुसरी, ग्राहक-पुरवठादारांत यहूदा आणि इस्राएलही आहेत, गहू, मध, तेल आणि औषधी डिंक घेऊन. ऐकणाऱ्या बंदिवानांना हे नक्कीच टोचलं असणार. या जहाजात आपलाही माल होता.

शेवटी पूर्वेचा वारा सुटतो आणि भर समुद्रात जहाज फुटतं. गंमत बघा, ज्या वल्हेकऱ्यांच्या कौशल्याचं कौतुक झालं, त्यांनीच ते खोल पाण्यात नेलेलं असतं. जहाजाच्या बांधणीत कुठेही खोट दाखवलेली नाही. ते सुंदर होतं, मजबूत होतं, आणि आपण अजिंक्य आहोत अशी त्याची खात्री होती.

आणखी एक गोष्ट. सोरला इथे 'सौंदर्यात परिपूर्ण' म्हणून मिरवताना दाखवलंय. त्यासाठीचे हिब्रू शब्द विलापगीताच्या दुसऱ्या अध्यायात यरुशलेमसाठी आले आहेत. यहेज्केलच्याच १६ व्या अध्यायात यरुशलेम आपल्या सौंदर्यावर विसंबून बहकलेली दाखवली आहे. म्हणजे संदेष्टा सोरचं वर्णन करतोय आणि श्रोत्यांच्या डोळ्यांपुढे आपलंच गाव उभं राहतंय.

काळीज कुठे आहे?

२८ व्या अध्यायात बोलणं नगराकडून राजाकडे वळतं. आपण देव आहोत, देवाच्या आसनावर बसलो आहोत, असं हा राजा मानतो. इथे मूळ भाषेत एक श्लेष आहे, तो भाषांतरात हरवतो. हिब्रूत 'लेव' म्हणजे काळीज, हृदय. 'समुद्राच्या लेवमध्ये' म्हणजे भर समुद्रात. आणि गर्व करणं म्हणजे 'लेव उंच होणं'.

आता वाक्यं जोडून बघा. समुद्राच्या काळजात बसलेल्या माणसाचं काळीज उंच झालं. त्याने आपलं काळीज देवाच्या काळजाच्या बरोबरीचं मानलं. म्हणून तो समुद्राच्या काळजातच मरेल. एकाच शब्दावर अपराधही उभा आहे आणि शिक्षाही. समुद्राने वेढलेलं असणं हे सोरचं संरक्षण होतं, तीच त्याची कबर सांगितली आहे.

मराठीत गर्व बहुतेक डोक्यात जातो. डोक्यात हवा जाते, डोकं फिरतं, नाक वर होतं. हिब्रूत काळीज ही विचार करण्याची, निर्णय घेण्याची जागा आहे. त्यामुळे 'काळीज उंच होणं' हा भावनेचा फुगवटा नाही. तो चुकीचा हिशेब आहे. राजाची शहाणीव इथे नाकारलेलीही नाही. तो खरोखर हुशार आहे, व्यापारात तरबेज आहे आणि त्या हुशारीने त्याने संपत्ती वाढवली आहे. पण कमावलेल्या संपत्तीने त्याचं काळीज उंच झालं, आणि त्याच अध्यायात पुढे म्हटलंय की व्यापार वाढता वाढता नगर जुलमाने भरून गेलं. मालाच्या यादीतली माणसं आठवतात ना?

एदेन बाग, करूब आणि एक स्वर

२८ व्या अध्यायाचा उत्तरार्ध (वचनं ११ ते १९) सगळ्यात जास्त उद्धृत होतो. तिथे सोरचा राजा एदेन बागेत, देवाच्या पर्वतावर, रत्नांनी मढलेला दिसतो. मग त्याच्यात दुष्टाई सापडते आणि त्याला खाली टाकलं जातं. अनेक प्रवचनांत हा उतारा सैतानाच्या पतनाची कथा म्हणून सांगतात. हे वाचन फार जुनं आहे. तिसऱ्या शतकात ओरिजेनने असा युक्तिवाद केला की हे शब्द माणसाला लागूच पडत नाहीत, ते पतन पावलेल्या एखाद्या शक्तीबद्दल असले पाहिजेत. (हा ओरिजेन पुढे सोर नगरातच वारला अशी परंपरा आहे!) यशयाच्या १४ व्या अध्यायातल्या बाबेलच्या राजाचं वर्णनही असंच सैतानाला लावलं गेलं. सोळाव्या शतकात कॅल्विनने यशयाच्या बाबतीत हा अर्थ साफ नाकारला. यहेज्केलवरची त्याची व्याख्यानं मात्र विसाव्या अध्यायापर्यंतच पोचली, कारण १५६४ मध्ये त्याचा मृत्यू झाला.

यात मजकुराचा एक बारकावा आहे. चौदाव्या वचनाच्या सुरुवातीला दोन अक्षरी हिब्रू शब्द आहे. जुन्या हिब्रू लिखाणात स्वरचिन्हं नसत. ती मसोरा परंपरेच्या विद्वानांनी पुढे कित्येक शतकांनी घातली. त्यांच्या वाचनाप्रमाणे तो शब्द 'अत्त', म्हणजे 'तू'. अर्थ होतो: तू करूब होतास. प्राचीन ग्रीक भाषांतराने तीच अक्षरं 'एत', म्हणजे 'सोबत' अशी वाचली. अर्थ होतो: तू करूबासोबत होतास. पहिल्या वाचनात राजा स्वतः स्वर्गीय प्राणी ठरतो, दुसऱ्या वाचनात तो आदामासारखा बागेतला माणूस ठरतो. एका स्वराने एवढा फरक!

रत्नांची यादीही बोलकी आहे. हिब्रू मजकुरात नऊ रत्नं आहेत आणि ती सगळीच्या सगळी निर्गमाच्या २८ व्या अध्यायातल्या मुख्य याजकाच्या ऊरपटावर सापडतात. ग्रीक भाषांतरात तर बाराच्या बारा आहेत. पुढे पवित्रस्थानं भ्रष्ट केल्याचाही आरोप येतो. परक्या व्यापारी राजाच्या अंगावर यरुशलेमच्या याजकाची रत्नं कशी आली? काही अभ्यासकांच्या मते इथे सोरच्या नावाआडून यरुशलेमच्या याजकवर्गालाच बोललंय. मी इतकं ठामपणे म्हणणार नाही. पण यहेज्केल स्वतः याजक होता. हे वर्णन करताना ऊरपट त्याच्या डोळ्यांपुढे नव्हता असं मानणं मला कठीण जातं.

माझ्या दृष्टीने इथे एक सावधगिरी घ्यायला हवी. गर्वाचं मूळ माणसाहून खोल आहे असं ख्रिस्ती परंपरेने या उताऱ्यात वाचलं, ते मनन म्हणून मोलाचं आहे. पण सगळाच उतारा सैतानाच्या नावावर लिहून टाकला की व्यापार, गुलाम, जुलूम आणि याजक, सगळे सुटतात. आणि वाचकही सुटतो.

मग झालं काय?

आता इतिहास. नबुखद्नेस्सरने सोरला वेढा घातला आणि योसेफस या यहुदी इतिहासकाराच्या म्हणण्याप्रमाणे तो १३ वर्षं चालला. पण बेट लुटलं गेलं नाही. सोरने बाबेलचं वर्चस्व मान्य केलं आणि नगर टिकून राहिलं. त्यानंतरच्या तिथल्या राजांची नावंही योसेफसने नोंदवली आहेत.

इ.स.पू. ३३२ मध्ये, म्हणजे सुमारे अडीचशे वर्षांनी, अलेक्झांडर आला. किनाऱ्यावरच्या जुन्या वस्तीचे दगड-लाकूड समुद्रात टाकून त्याने बेटापर्यंत भराव घातला आणि सात महिन्यांच्या वेढ्यानंतर नगर घेतलं. हजारो मारले गेले, हजारो गुलाम म्हणून विकले गेले. माणसं विकणारं नगर स्वतःच विकलं गेलं. (पाण्याखाली आधीपासून वाळूचा नैसर्गिक बांध तयार झाला होता, म्हणून हा भराव शक्य झाला, असं २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भूवैज्ञानिक अभ्यासातून दिसतं.) भरावाभोवती वाळू साचत गेली आणि बेटाचं भूशिर झालं.

पण नगर पुन्हा वसलं. येशूच्या काळाच्या सुमारास लिहिणारा ग्रीक भूगोलकार स्ट्रॅबो तिथली अनेक मजली घरं आणि रंगाचे कारखाने यांचं वर्णन करतो. आज त्या जागेचे अवशेष १९८४ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहेत, आणि शेजारी जिवंत शहर आहे.

न पुसलेली तारीख

आता या लेखाचा गाभा. यहेज्केल २९:१७ ते २० उघडून वाचा. इथे तारीख दिली आहे: सत्ताविसावं वर्ष, पहिला महिना, पहिला दिवस. आपल्या गणनेने इ.स.पू. ५७१ चा वसंत. संपूर्ण पुस्तकातली ही सगळ्यात उशिराची तारीख. सोरविरुद्धच्या संदेशाला तोवर पंधराएक वर्षं झालेली होती.

तिथे काय सांगितलंय? नबुखद्नेस्सरच्या सैन्याने सोरपुढे अतोनात कष्ट केले. ओझी वाहून डोक्यांना टक्कल पडलं, खांदे सोलवटून निघाले. पण त्याला किंवा त्याच्या सैन्याला सोरकडून काहीच मजुरी मिळाली नाही. म्हणून परमेश्वर त्याला मोबदला म्हणून मिसर देईल.

२६ व्या अध्यायात लूट होईल असं म्हटलं होतं. इथे लूट मिळाली नाही असं म्हटलंय. तेच पुस्तक, तोच संदेष्टा. आणि मिसरचंही सरळ झालं नाही. इ.स.पू. ५६८ च्या सुमारास नबुखद्नेस्सरने मिसरवर मोहीम काढल्याचा उल्लेख एका तुटक्या बाबेली पाटीवर आहे, पण मिसर पूर्णपणे जिंकला तो पारसी राजा कंबायसिसने, ५२५ मध्ये.

यहेज्केलपुढे धोका काय होता ते नीट समजून घेऊ. अनुवादाच्या १८ व्या अध्यायात संदेष्ट्याची कसोटी दिली आहे: परमेश्वराच्या नावाने बोललेली गोष्ट घडली नाही, तर ती परमेश्वराची नव्हती, संदेष्टा ती उन्मत्तपणे बोलला. मूळ शब्द आहे 'जादोन', अर्थ उद्धटपणा, मर्यादा ओलांडणारा गर्व. म्हणजे सोरला गर्वाबद्दल दोषी ठरवणाऱ्या माणसावरच गर्वाचा आरोप येऊ शकत होता. जुन्या संदेशात दोन शब्द इकडचे तिकडे करणं अवघड नव्हतं. ते करण्याऐवजी दोन्ही मजकूर पुस्तकात राहिले, दुसऱ्यावर तारीखही राहिली.

याचा अर्थ कसा लावायचा? ढोबळमानाने चार उत्तरं दिली जातात.

पहिलं, भाकीत टप्प्याटप्प्याने पूर्ण झालं. २६ व्या अध्यायात आधी 'तो' आणि बाराव्या वचनापासून 'ते' असा बदल आहे. 'तो' म्हणजे नबुखद्नेस्सर आणि 'ते' म्हणजे पुढे येणारी राष्ट्रं, अलेक्झांडरसकट. तिसऱ्या वचनात लाटांसारखी येणारी अनेक राष्ट्रं आहेतच, त्यामुळे या उत्तराला मजकुराचा काही आधार आहे. पण 'पुन्हा बांधलं जाणार नाही' याचं उत्तर त्यातून मिळत नाही.

दुसरं, भाकीत चुकलं, विषय संपला. इतिहासाच्या बाजूने हे सोपं आहे. पण ज्यांना ते चुकलेलं दिसत होतं त्यांनीच ते जपून का ठेवलं, हे त्यातून कळत नाही.

तिसरं, न्यायाचा शब्द सशर्त असतो. यिर्मयाच्या १८ व्या अध्यायात हे तत्त्व स्पष्ट आहे आणि निनवेच्या बाबतीत योनाला ते नको असताना शिकावं लागलं. पण सोरने पश्चात्ताप केला असं कुठे लिहिलेलं नाही.

चौथं, नगरनाशाच्या वर्णनांची त्या काळी एक ठरलेली भाषा होती. उघडा खडक, कायमची ओसाडी हे शापाच्या भाषेतले शब्द आहेत, पंचनाम्याचे नाहीत.

मला चौथं उत्तर बरंचसं पटतं, पहिल्यातला 'अनेक लाटा' हा भागही पटतो. पण कुठलंही उत्तर घेतलं तरी २९:१७ उरतंच. माझं वाचन असं: संदेष्ट्याने न्यायाचा शब्द आपल्या मालकीचा मानला नाही. न्याय परमेश्वराचा, वेळ त्याची, रीत त्याची. आपलं म्हणणं बरोबर ठरावं यापेक्षा त्याने त्या शब्दाशी इमान राखणं मोठं मानलं. सोरच्या राजाने आपलं काळीज देवाच्या काळजाइतकं मानलं होतं. यहेज्केलने ते टाळलं, आणि स्वतःच्या प्रतिष्ठेची किंमत देऊन टाळलं.

ख्रिस्ती वाचकाने काय घ्यायचं?

भाकितं 'सिद्ध' करण्याच्या आपल्या खटाटोपात कधीकधी तेच उंच काळीज शिरतं. आम्हाला सगळं ठाऊक आहे, नकाशा आमच्याकडे आहे, देवाचं वेळापत्रक आमच्याकडे आहे. मग गैरसोयीचं वचन आलं की ते वगळायचं, आणि आज वसलेलं शहर दिसलं की नजर वळवायची. विश्वासाला असं जपण्याची गरज नाही. ज्या पुस्तकाने स्वतःची अडचण लपवली नाही, ते वाचताना आपण ती का लपवावी? त्या तरुणाला "असे प्रश्न विचारू नकोस" म्हणण्यापेक्षा २९ वा अध्याय त्याच्यासमोर उघडून ठेवावा.

दुसरी गोष्ट 'अहा!'ची. दुसऱ्या राष्ट्रावर, दुसऱ्या धर्माच्या माणसांवर, एखाद्या नामांकित पाळकावर संकट आलं की "बघा, देवाचा न्याय!" म्हणणारे लोक आपल्यातही असतात. सोरचा पहिला अपराध नेमका हाच होता. आणि सोर पडल्यावर यरुशलेमने 'अहा!' म्हणावं यासाठी हे अध्याय लिहिलेले नाहीत. तिथे शोकगीत आहे. न्याय सांगतानाही संदेष्ट्याला रडायला सांगितलंय.

तिसरी गोष्ट ऐकण्याची. ३३ व्या अध्यायाच्या शेवटी परमेश्वर यहेज्केलला सांगतो की लोक तुझ्याकडे गर्दी करतात, पण गोड गळ्याच्या गवयाला ऐकावं तसं ऐकतात, आणि उठून जातात. शेजाऱ्यांच्या नाशाची वर्णनं ऐकायला मजा येत असणार. आजही शेवटच्या काळाबद्दलच्या व्हिडिओंना गर्दी असते.

नव्या करारात सोर दोन वळणांवर भेटतं. प्रकटीकरणाच्या १८ व्या अध्यायात मोठ्या बाबेलसाठी म्हटलेलं शोकगीत यहेज्केलच्या जहाजाचंच आहे. तिथेही मालाची यादी आहे, आणि तिच्या शेवटी माणसं आहेत. व्यापाऱ्याचं काळीज उंच होतं तेव्हा माणूस माल होतो, हे सूत्र रोमच्या काळातही तसंच राहिलं.

दुसरं वळण प्रभू येशूचं. मत्तयाच्या ११ व्या अध्यायात तो खोराजीन आणि बेथसैदा या आपल्याच भागातल्या गावांना सांगतो की तुमच्यात घडलेली महत्कृत्यं सोर-सीदोनात घडली असती, तर त्यांनी केव्हाच पश्चात्ताप केला असता. न्यायाच्या दिवशी त्यांना तुमच्यापेक्षा सोपं जाईल. शेकडो वर्षं 'गर्वाचं नगर' म्हणून ज्याच्याकडे बोट दाखवलं, ते नगर येशूने धार्मिक गावांपुढे आरसा म्हणून धरलं. यहेज्केलने सुचवलेलं त्याने उघडपणे म्हटलं.

आणि प्रेषितांच्या कृत्यांच्या २१ व्या अध्यायातला तो छोटासा प्रसंग विसरू नका. पौलाचं जहाज सोरला माल उतरवायला थांबतं. तिथे त्याला शिष्य सापडतात आणि तो सात दिवस त्यांच्याकडे राहतो. निघताना सगळे, बायकामुलांसह, नगराबाहेर समुद्रकिनाऱ्यापर्यंत पोचवायला येतात आणि तिथेच गुडघे टेकून प्रार्थना करतात. ज्या किनाऱ्याबद्दल उघड्या खडकाचं भाकीत होतं, तिथे कोणीतरी गुडघे टेकले होते. हे भाकितात लिहिलेलं नव्हतं.